बिनदेशी खोकं

रविवारी सकाळी गॅरेजात दोन गाड्या मरून पडल्या होत्या, आणि त्यांतली एक तर आदल्या संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती.

ठणठणीत होती ती भाऊंची. भाऊ रोज उठल्या उठल्या गाडी पुसत. मग चहा, मग बाकीचं जग. त्या दिवशीही पुसून झाली, थोरल्या वहिनींनी, माईंनी, सांगितलेलं सामान आणायला म्हणून ते आत बसले, किल्ली फिरवली, आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही. समोरच्या काचेखाली किल्लीचं एक लाल चित्र तेवढं लुकलुकत राहिलं. हे चित्र भाऊंनी पहिल्यांदाच पाहिलं. शेजारी नर्सबाईंची दुरुस्तीला आलेली गाडी उभी होती. तेच मॉडेल, तोच राखाडी रंग. भाऊंनी वाकून तिच्या काचेतून पाहिलं, तर तिथेही तेच.

थोरल्या भावाच्या भिंतीला भिंत लावून त्यांनी उभा जन्म धंदा केला होता. इकडे अण्णांचं गॅरेज, पलीकडे भाऊंचं सुट्या भागांचं दुकान, आणि मधल्या भिंतीत सामान सरकवायला एक खिडकी. काय झालं असेल ते समजायला त्यांना फार डोकं लढवावं लागलं नाही.

"अण्णा!" ते ओरडले. "माझ्या गाडीला हात लावलास?"

अण्णा कामाच्या टेबलापाशी पाठमोरे उभे होते आणि एकच पाना पुन्हा पुन्हा पुसत होते.

"हात नाही लावला," ते म्हणाले. "अदलाबदल केली."

अदलाबदल म्हणजे बाबांची पद्धत. या दोघांच्या वडिलांनी कुठल्याही शाळेत न शिकता गॅरेज उभं केलं ते या एका युक्तीवर. आजारी गाडीतल्या एखाद्या भागाचा संशय आला, की तस्साच भाग धडधाकट गाडीतून काढायचा आणि आजारी गाडीत बसवायचा. गाडी उठली, तर चोर सापडला. नाही उठली, तर भाग परत करायचा आणि पुढच्याच्या मागे लागायचं. कार्ब्युरेटर, कॉइल, पंप, सगळे चोर बाबांनी असेच पकडले. अण्णांनीही तेच केलं. काल संध्याकाळी नर्सबाईंची सुरू व्हायला अडखळणारी गाडी समोर, बाजूला भाऊंची तश्शीच गाडी, आणि संशय इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या पेटीवर. इतकी सोय बाबांनाही कधी मिळाली नव्हती.

"मग परत का नाही केली?"

"दोन्ही बंद पडल्या. म्हटलं, सकाळी शांतपणे बघू."

"मला विचारायचं तरी!"

"तू दिली नसतीस."

"नसतीच दिली!"

"म्हणून नाही विचारलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या हिशेबी विषय तिथे संपला होता. भाऊंच्या हिशेबी तो आत्ता कुठे सुरू होत होता. त्यांनी दुकानात जाऊन मधल्या खिडकीची झडप धाडकन लावून घेतली. मग वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांना कळलं, की दिवस सुरू झाला.

आणि दिवस काही साधा नव्हता. भाऊंचा मुलगा त्याच दिवशी उत्तर मागायला येणार होता.

त्याला घरात सगळे मॅनेजर म्हणत. लहानपणी तो स्वतः काही न करता सगळ्यांना कामं वाटून द्यायचा, म्हणून. पुढे तो गाड्यांच्या एका मोठ्या शोरूममध्ये खरोखरच मॅनेजर झाला, तेव्हा त्याचं कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. त्यानं एका सर्व्हिस कंपनीशी बोलणं जमवलं होतं. गावोगाव एकसारखी, चकचकीत, पांढऱ्या फरशीची सर्व्हिस सेंटरं चालवणारी ती कंपनी गॅरेज आणि दुकान दोन्ही भाड्यानं घ्यायला तयार होती. हो की नाही, एवढं आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. घरात दोन आठवडे हाच विषय चालला होता. भाऊ म्हणत, अण्णा ठरवेल ते. अण्णा काहीच म्हणत नसत. आणि अण्णांची मुलगी चिमणी म्हणे, "मला विचाराल तर नाही," पण तिला कुणी विचारत नव्हतं.

मॅनेजर आला तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दोन बंद गाड्या, लावलेली झडप आणि पायरीवर गाल फुगवून बसलेले वडील, एवढं पाहून त्याला सगळं उमगलं.

"अण्णा," तो शक्य तितक्या हळू म्हणाला, "आमच्या शोरूममध्ये आज कुणी ही पेटी अशी काढली असती, तर त्याला घरी पाठवला असता. तुमच्यावर आरोप नाही हो. पण गाड्याच आता तशा राहिल्या नाहीत. नर्सबाईंना उद्या सकाळी पेशंटकडे जायचं असतं, आणि आपण त्यांची गाडी होती त्याहून जास्त बिघडवून ठेवली."

"आपण?" भाऊ पायरीवरून म्हणाले.

"बरं, अण्णांनी."

भाऊ उठले. सकाळपासून तेच अण्णांना लाखोली वाहत होते, पण मुलाच्या तोंडून 'अण्णांनी' ऐकल्याबरोबर त्यांना मिरची झोंबली. "अण्णांनी काय? मी दिली पेटी. माझी गाडी आहे, मी दिली. तुला काय त्रास?"

अण्णांनी मान वर करून भावाकडे पाहिलं आणि पुन्हा पाना पुसायला घेतला.

तेवढ्यात जिन्यावरून माई आणि चिमणी उतरल्या. माईंच्या हातात चहाचा ट्रे, चिमणीच्या हातात लॅपटॉप आणि मीटर. ती नावाला चिमणी होती. उंचीनं घरातल्या सगळ्या पुरुषांच्या वर जायची, आणि बॉनेटवर डोकं आपटण्याचा तिचा विक्रम कुणी मोडलेला नव्हता. मागची काही वर्षं ती दुसऱ्या शहरात, गाड्यांचे कॉम्प्युटर बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीला होती. दोन महिन्यांपूर्वी राजीनामा देऊन घरी आली. का आली ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि अण्णांनी विचारलं नव्हतं. दोघंही एकमेकांना सांभाळून वागत होते आणि त्यापायी माईंचा जीव मेटाकुटीला आला होता.

चिमणीनं दोन्ही गाड्यांतली लाल चित्रं पाहिली आणि तिला हसू आवरेना.

"हसू नकोस," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला नाही हो हसत. यांना हसते. एकमेकांच्या घरात नेऊन बसवलेल्या दोन म्हाताऱ्यांसारख्या रुसल्या आहेत. अण्णा, या पेटीत तिच्या गाडीच्या किल्लीची ओळख साठवलेली असते. अनोळखी किल्ली आली की तिला वाटतं, चोर. ती इंजिन सुरूच होऊ देत नाही."

"म्हणजे पेट्या वाया गेल्या?" भाऊंचा आवाज चढला.

"बहुतेक नाही. जिथल्या तिथे नेऊन बसवू आणि बघू."

"बहुतेक?" मॅनेजर म्हणाला.

"बहुतेक," चिमणी म्हणाली आणि तिनं बाही वर केली.

माईंनी जुनी चादर आणून फरशीवर अंथरली. सुटा केलेला भाग जमिनीवर ठेवायचा नाही, ही या घरची आणखी एक रीत. चिमणीनं दोन्ही पेट्या काढून चादरीवर ठेवल्या. जेमतेम पुस्तकाएवढ्या, राखाडी, पाठीवर बारीक अक्षरांच्या चिठ्ठ्या. भाऊंनी चष्मा लावला. राग असो नसो, कुठलाही सुटा भाग समोर आला की आधी तो कुठला ते बघायचं, ही त्यांची सवय होती.

आणि नेमकं हेच भाऊंचं दुखणं होतं. त्यांच्या दुकानात माल गाडीच्या नावानं लावलेला नसे, देशाच्या नावानं लावलेला असे. ही मांडणीही बाबांचीच. जपानच्या फळीवर बेअरिंगं, जर्मनीच्या कपाटात इंजेक्टर, इटलीच्या खणात दिव्यांच्या काचा. घरातली मुलं भूगोल त्याच फळ्यांवर शिकली. इटली कशासाठी प्रसिद्ध आहे, या प्रश्नाला मॅनेजरनं शाळेत 'हेडलाइटसाठी' असं उत्तर लिहिलं होतं, आणि ते चूक ठरवलं म्हणून भाऊ बाईंशी भांडायला गेले होते. पुढे हळूहळू सगळं बिनसत गेलं. खोक्यावर एक देश, आतल्या कागदावर दुसरा, आणि भागावर कोरलेला तिसराच. भाऊंनी अशा मालाला फळी द्यायचं साफ नाकारलं. जिन्याखाली वॉशिंग मशीनचं एक रिकामं खोकं होतं, त्यात ते तो टाकू लागले. त्यावर खडूनं लिहिलं 'बिनदेशी'. आज फळ्या निम्म्या रिकाम्या होत्या आणि खोकं फुटायला आलं होतं. मालाचं गणित बसेना म्हणून भाऊ मनातून फार उदास असत, पण हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

"ही कुठली गं?" त्यांनी पेटी हातात घेत विचारलं. झडप लावून घेतल्याचं ते विसरले होते.

"हिच्या बहिणी माझ्या टेबलावरून जायच्या, काका." चिमणी खाली मांडी घालून बसली. "आमच्याकडच्या पेट्यांची मुख्य चिप तैवानला घडायची. मग मलेशियात तिच्यावर प्लास्टिकचं अंग चढायचं. कवच आणखी कुठे ओतायचे. आतला प्रोग्रॅम लिहिणारी माणसं तीन देशांत. एकांचा दिवस मावळला की दुसरे उठून पुढचं लिहायचे. आणि हे सगळं एकमेकांशी धड बोलतंय का, ते बघायला आम्ही."

"आणि या तारा?" माईंनी सुटलेल्या जुडीवरून बोट फिरवलं.

"अशा जुड्या मोरोक्कोत होतात, मेक्सिकोत होतात, अजून कुठे कुठे. बहुतेक हातानंच बांधतात, माई. मोठी फळी असते, तिच्यावर खुंट्या. एकेक तार खुंटीवरून न्यायची आणि पट्टी गुंडाळत जायचं. पुष्कळ ठिकाणी बायकाच असतात."

"हातानं?" माईंनी जुडी डोळ्यांजवळ नेली. काळी पट्टी शेवटपर्यंत एकाच अंतरानं गुंडाळलेली होती, कुठे घाई नाही, कुठे चुणी नाही. सगळं आयुष्य या गॅरेजच्या डोक्यावर संसार करून, गाडीत कुणा बाईचा हात असतो हे त्यांना आज कळत होतं. "काय सुबक काम आहे गं," त्या म्हणाल्या आणि जुडी जपून खाली ठेवली.

"टायरचं रबर थायलंडच्या झाडांचं असू शकतं," चिमणी म्हणाली. तिला आता जोर चढला होता. "सायलेन्सरच्या जाळीतलं प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतलं. विजेवरची गाडी असेल तर बॅटरीतलं लिथियम चिलीच्या मिठागरांतलं."

"मग गाडी कुठली म्हणायची?" मॅनेजरनं विचारलं. तो नकळत चादरीच्या कडेला उकिडवा बसला होता.

अण्णा टेबलापाशीच उभे राहून म्हणाले, "जिथे बंद पडते तिथली."

सगळे हसले. भाऊसुद्धा हसले, आणि मग आपण रागावलेलो आहोत हे आठवून त्यांनी खाकरून घेतलं.

पेट्या आपापल्या जागी गेल्या. चिमणीनं भाऊंना किल्ली फिरवायला सांगितलं. लाल चित्र लुकलुकलं, थांबलं, विझलं. गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. भाऊंनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले आणि देवाला की चिमणीला कोण जाणे, हात जोडले.

नर्सबाईंच्या गाडीतलंही चित्र विझलं. पण गाडी सुरू झाली नाही. सेल्फ मारला की इंजिनाचा घुर्रकन अर्धा फेरा, दिवे मंद, आणि पुन्हा गप्प. म्हणजे अदलाबदलीचं पाप धुतलं गेलं होतं, मूळचं दुखणं जसंच्या तसं होतं.

मॅनेजरनं घड्याळात पाहिलं. "अण्णा, मी काय म्हणतो, ही टो करून आमच्याकडे नेऊ. आणि कंपनीचं..."

"कंपनीला हो सांग," अण्णा म्हणाले.

भाऊंची गाडी अजून सुरूच होती. भाऊंनी हात घालून ती बंद केली.

"मी कालच ठरवलं होतं," अण्णा म्हणाले. "माईला विचार."

चिमणीनं आईकडे पाहिलं. माईंनी ट्रेवरचे रिकामे कप उगाच एका ओळीत लावले. "मी म्हटलं त्यांना, आधी पोरीशी बोला," त्या म्हणाल्या. "पण ते बोलतील तर शपथ."

"एका पेटीवरून, अण्णा?" चिमणी उठून उभी राहिली. "एक चूक झाली म्हणून?"

"चुका मी खूप केल्या. चुकीला नाही भीत मी." अण्णांनी पाना टेबलावर ठेवला. आता त्यांच्या हाताला काहीच काम उरलं नव्हतं. "तू शिकलीस. एवढ्याशा पेटीत काय असतं ते तुला कळतं. आणि तू इथे येऊन काय करणार? ग्रीस पुसणार? उद्या सगळ्या गाड्या विजेवर चालतील. इंजिन नाही, ऑइल नाही, प्लग नाही. मी तुझ्यासाठी मागे काय ठेवून जाणार, रिकामं शटर? हे माझ्यामागे तुझ्या गळ्यात पडायला नको. जागा गेली की तू मोकळी होशील आणि परत आपल्या कामाला जाशील."

मॅनेजर सर्वांत जास्त चकित झाला. दोन आठवडे तो समजत होता, की म्हातारा हट्टी आहे आणि जागेला चिकटून बसला आहे. त्यानं होकार मिळवायला केवढी भाषणं पाठ करून आणली होती. आता होकार हातात आला होता, आणि तो खिशात घालावा असं त्याला मुळीच वाटेना. लहानपणी त्यानं याच फरशीवर एकदा नटांचा डबा सांडला होता, तेव्हा अण्णांनी त्याला 'जा, अभ्यास कर' म्हणून वर पाठवलं होतं. पुढे किती वर्षं त्याला वाटत राहिलं, की आपल्याला इथून घालवून दिलं. अण्णा पोरांना घालवत नाहीत, पुढे ढकलतात, हे त्याला आज चिमणीकडे बघून कळलं.

"झालं बोलून?" चिमणी म्हणाली. "तिथे माझ्यासमोर रोज पेट्या यायच्या, अण्णा. पास, पास, नापास, पास. मी तिथे असताना एकदाही पुरी गाडी नाही पाहिली. माझी पेटी कुणाच्या गाडीत गेली, ती गाडी कुणाला कुठे घेऊन गेली, कधीच कळलं नाही. इथे मला माहीत आहे, की ही गाडी उठली नाही तर उद्या नर्सबाईंचे पेशंट वाट बघत बसतील. त्या मला नावानं ओळखतात. मला हे हवंय. कुणी गळ्यात नाही घातलेलं, मी मागतेय. तुम्ही मला एकदा विचारायचं तरी!"

"तू दिलं नसतंस उत्तर," अण्णा पुटपुटले.

"दिलं असतं!" चिमणी ओरडली, आणि भाऊ खो खो हसत सुटले. सकाळचंच भांडण त्यांना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळत होतं.

अण्णा आपले नर्सबाईंच्या गाडीकडे गेले. "सेल्फ मार," ते भाऊंना म्हणाले. भाऊंनी मारला. घुर्र, आणि गप्प. अण्णांची नजर दिव्यांवर होती.

"दिवे मंद होतात," ते स्वतःशीच म्हणाले. "जुनी गाडी असती, तर मी म्हटलं असतं अर्थिंग गेलं. पण यांच्यात कॉम्प्युटर आहे."

"कॉम्प्युटर आहे म्हणून अर्थिंग नसतं होय?" चिमणी मीटर घेऊन पुढे आली. "तुम्ही ते तपासलंच नाही?"

नव्या गाडीला रोगही नवाच होणार, असं धरून अण्णा सरळ पेटीवर गेले होते. आयुष्यभरात त्यांनी किती गाड्यांचं अर्थिंग नीट केलं त्याची गणती नव्हती. पण कालपासून या गाडीपुढे ते बिचकले होते आणि आपल्याला येत होतं तेही त्यांना सुचलं नव्हतं.

चिमणीनं मीटरची एक सुई बॅटरीच्या उणे टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला. "काका, मारा. जवळजवळ शून्य यायला हवं." काटा नव्हता, आकडे होते, आणि ते भराभर वर चढले. "बघा. करंट जातोय, परत यायला वाट नाही."

"बॅटरीच्या ट्रेखाली असणार," अण्णा म्हणाले. "तिथे पाणी साचतं." त्यांनी बाजूनं हात खाली घातला, पार दंडापर्यंत, आणि डोळे मिटून चाचपत राहिले. त्यांचा चेहरा बदलला. "सापडली. अर्थिंगची पट्टी नुसत्या दोन धाग्यांवर लोंबकळतेय."

वरून पट्टीचं वेष्टण धड दिसत होतं. आत तांबं हिरवं पडून भुगा झालं होतं. ती काढायला खालून जावं लागणार होतं. चिमणीनं हात पुसले, पण तेवढ्यात कुणीतरी आधीच फरशीवर उताणं पडून गाडीखाली सरकलं होतं. नुसते पॉलिश केलेले बूट बाहेर दिसत होते.

"मॅनेजर, तुझा शर्ट!" माई ओरडल्या.

"असू दे, माई. मला बाराचा पाना द्या. कुणी 'अभ्यास कर' म्हणणार नसेल तर."

अण्णांनी त्याच्या हातात पाना ठेवला. "सावकाश. उलटा नको फिरवूस," एवढंच म्हणाले. पण ते तिथेच गुडघ्यावर बसून राहिले.

आता नवी पट्टी हवी होती, दोन टोकांना कड्या असलेली, विणलेल्या तांब्याची. भाऊ दुकानात धावले. सगळ्यांना कपाटं आणि खण उघडल्या-मिटल्याचा आवाज येत राहिला. जपान, जर्मनी, इटली, पुन्हा जपान.

"नाही!" भाऊंचा रडवेला आवाज आला. "एक होती. कुठे ठेवली तेच आठवत नाही."

"कुठली होती, काका?"

"तेच तर! खोक्यावर एक देश, तांबं भलतीकडचं, आणि कड्या..." ते मध्येच थांबले.

मग जिन्याखालून ओढाताणीचा आवाज आला. धूळ उडाली, भाऊंना शिंका आल्या. थोड्या वेळानं मधल्या खिडकीची झडप उघडली आणि तिच्यातून भाऊंचा हात आत आला, मुठीत तांब्याची चकचकीत पट्टी. "बिनदेशी खोक्यात होती," ते म्हणाले. "सगळं हवं ते त्यातच आहे. बाकी फळ्यांवर मी उगाच पहारा देतोय."

पट्टी बसली. मॅनेजर खालून घट्ट करत होता, अण्णांचा हात अजून ट्रेखाली होता, ती हलू नये म्हणून. या गॅरेजात दुरुस्त झालेली गाडी पहिल्यांदा सुरू करायचा मान घरातल्या थोरल्याचा. आधी बाबा, मग अण्णा, मध्ये कधी कुणी नाही. पण अण्णांचा हात अडकला होता.

"चिमणे, सेल्फ मार," ते म्हणाले.

गाडी सुरू झाली. दिवे लख्ख, आवाज एकसारखा. मॅनेजरनं गाडीखालूनच आरोळी ठोकली. अण्णांनी हात बाहेर काढला आणि बॉनेटच्या कडेवर टेकवून उभे राहिले. मान कुणाकडे गेला हे एकट्या माईंच्या लक्षात आलं. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि चहाचं आधण ठेवायला वर गेल्या.

उन्हं कलता नर्सबाई आल्या. गाडी चालू पाहून त्यांनी चिमणीला मिठीच मारली. मग पर्समधून एक कोरी किल्ली काढली. दुसरी किल्ली हरवल्यामुळे त्यांनी बाजारातून ही कापून आणली होती. तिनं दार उघडे, पण गाडी सुरू होत नव्हती.

"नुसतं कापून नाही चालत, बाई. पेटीला हिची ओळख करून द्यावी लागते," चिमणी म्हणाली आणि लॅपटॉप जोडला. अण्णा शेजारच्या सीटवर जाऊन बसले. बघायचं आहे, म्हणाले.

"आधी जुनी किल्ली लावायची. हिला पेटी ओळखते, हिनं सांगितलेलं ऐकते. मग जुनी काढून लगेच नवी लावायची."

"लगेच?"

"हो. मध्ये फार वेळ गेला तर मानत नाही."

"आणि जुनी नसेलच तर?"

"या मॉडेलमध्ये मग फार त्रास. पेटी कुणाचंच ऐकत नाही." चिमणीनं जुनी किल्ली फिरवली, काढली, नवी लावली. लाल चित्र लुकलुकलं आणि विझलं. "झालं. आता दोन्ही चालतील."

"जुनी बाद नाही होत?"

"कशाला होईल? तीही चालते की."

अण्णा बराच वेळ दोन्ही किल्ल्या हातात घेऊन बसले. नर्सबाईंना त्या परत हव्या होत्या, पण त्या भल्या बाई, थांबल्या.

नर्सबाई गेल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. मॅनेजरनं फोन हातात घेतला. त्याच्या शर्टाची पाठ कोळशासारखी काळी झाली होती. "अण्णा, त्यांना उत्तर द्यायचंय. काय सांगू?"

भाऊ खिडकीतून डोकावत होते. माई जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबल्या होत्या. चिमणी मीटरच्या तारा गुंडाळत होती आणि अण्णांकडे बघायचं टाळत होती. एकच तार तिनं तीनदा गुंडाळली.

"चिमणे," अण्णा म्हणाले. "विचारतो. तुला हे चालवायचंय?"

"हो."

"विजेवरच्या गाड्या आल्या तरी?"

"त्यांनाही ब्रेक लागतात, अण्णा. चाकं लागतात. अर्थिंग तर लागतंच. जे येत नाही ते मी शिकेन, तुम्हालाही शिकवीन."

"मला?" अण्णांना ते ऐकून बरं वाटलेलं स्पष्ट दिसत होतं. ते मॅनेजरकडे वळले. "सांग त्यांना, जागा रिकामी नाही."

मॅनेजरनं फोन लावला आणि अंगणात जाऊन बोलला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण परत आला तो शीळ घालत. "रविवारी मी मोकळा असतो," तो कुणाकडेही न बघता म्हणाला. "येत जाईन. नट सांडायला."

भाऊंनी तोवर बिनदेशी खोकं ओढत ओढत दुकानाच्या दर्शनी भागात आणलं होतं आणि जपानच्या फळीवरची मोजकी बेअरिंगं उचलून त्यातच टाकायला सुरुवात केली होती.

अण्णांनी शटर ओढायची आकडेवाली काठी भिंतीवरून काढून चिमणीच्या हातात दिली. "उद्यापासून तू. खाली ओढताना डाव्या बाजूला अडकतं. आधी तिथे लाथ घालायची, मग ओढायचं."

"माहीत आहे, अण्णा. जन्मापासून बघतेय."

"बघणं वेगळं. घाल."

चिमणीनं लाथ घातली. शटर खणाणलं, हललं नाही.

"एवढ्या खाली नाही. थोडी वर. हां, तिथे." अण्णांनी तिच्या शेजारी उभं राहून आपला म्हातारा पाय पत्र्यावर टेकवून जागा दाखवली. "आता घाल. मी आहे."

तिनं घातली, आणि शटर सरसर खाली आलं.